हातभर अंतर

चेंडू भोकापासून हातभर अंतरावर होता, ढुंढिराज त्याच्यावर वाकून उभा होता, आणि तेवढ्यात त्याच्या उजव्या हाताने स्वतःहून काहीतरी केलं. काय केलं ते त्याला नंतर नीट सांगता आलं नसतं. झटका म्हणावा तर तेवढा जोर नव्हता. झोप लागता लागता पायाखालची पायरी निसटल्यासारखी वाटून माणूस दचकतो, तसा मनगटाच्या पुढचा हात एकटाच दचकला. पटर, भोकाजवळचे फटके मारायची ती आखूड काठी, चेंडूला कसाबसा लागला आणि चेंडू भोकाच्या कडेला स्पर्शही न करता पलीकडे गेला, दवाच्या पांढऱ्या गवतावर एक हिरवी रेघ ओढत. डिसेंबरातला रविवार होता. कारखान्याच्या कॉलनीतल्या त्या गोल्फच्या मैदानावर असं धुकं उतरलं होतं की निंबाची झाडं नुसत्या बुंध्यांनी उभी होती आणि वर सगळं ताकासारखं. लांब कुठेतरी नवं रेल्वे इंजिन चाचणीला लावलेलं होतं, त्याची घरघर जमिनीतून तळपायांत येत होती. ढुंढिराजला वाटलं, तीच घरघर हातात चढली असेल. त्याने पटर काखेत धरला आणि उजवा हात चेहऱ्यासमोर आणून पाहिला. हात शांत होता. दुसऱ्या कुणाचा तरी ओळखीचा हात असावा तसा दिसत होता.

‘अरे गानू साहब, होता है,’ चौबेजी धुक्यातून म्हणाले. ते कारखान्यातच मोठ्या हुद्द्यावर होते, अस्सल बनारसी, तोंडात पान असताना फटकाही मारत आणि गप्पाही. बोडस भोकातला झेंडा काढून हातात धरून उभे होते. ते नागपूरकडचे, बँकेतून निवृत्त होऊन मुलाकडे इथेच राहिलेले. ढुंढिराज चेंडूपाशी गेला, पुन्हा वाकला. या वेळी हात दचकेल अशी वाट त्यानेच पाहिली, आणि हात दचकला. तिसऱ्यांदा चेंडू भोकात पडला तो जवळजवळ चुकून. त्या पोकळ टपकन् आवाजाने एरवी त्याच्या छातीत काहीतरी जागेवर बसायचं. आज तो आवाज विहिरीतून आल्यासारखा आला.

खेळ संपल्यावर निंबाखालच्या बाकावर कुल्हडातून चहा आला. या अर्ध्या तासासाठीच आपण खेळतो असं बोडस उघड म्हणत. चौबेजींनी एक पाय बाकावर ठेवला. ‘दिल्ली से मँगवाए हैं. देखिए, नीचे कील ही नहीं. रबर की गुठलियाँ हैं. अब विलायत में सब यही पहन रहे हैं.’

‘खिळ्यांशिवाय बूट म्हणजे दातांशिवाय कुत्रा,’ बोडस ढुंढिराजकडे वळून म्हणाले, आणि मग चौबेजींना, ‘ओस में फिसलिएगा, तब विलायत याद आएगी.’

‘आप अपना बाईस सँभालिए, बोडसजी.’

बाईस हा बोडसांचा हँडिकॅप होता. कच्च्या खेळाडूला जेवढे फटके माफ, तेवढा त्याचा आकडा. आकडा जितका लहान तितका माणूस पक्का. बोडसांना आपल्या आकड्याचं काही वाटत नसे. ढुंढिराज चौदावर होता. कॉलनीत पहिल्यांदा राहायला आला तेव्हा त्याला चेंडू हवेतही उडवता येत नव्हता, आणि एकेक फटका खरवडून काढावा तसा त्याने तो आकडा खाली आणला होता. पदोन्नत्या झाल्या, मुलगी ऋता विद्यापीठात गेली, कारखान्यात त्याने आखलेले सुटे भाग इंजिनांतून देशभर फिरले. पण क्लबातल्या फळ्यावर आपल्या नावापुढे चौदा लिहिलेलं पाहताना जे वाटायचं ते त्याने शरदिनीलाही सांगितलं नव्हतं. आता दोघंही त्याच्या हाताबद्दल बोलू लागले. साँस रोक के मारिए, चौबेजी म्हणाले. डावा हात खाली घे, बोडस म्हणाले, नाहीतर डोळे मिटून मार, माझ्या एका मॅनेजरनं तसंच केलं होतं. पटर बदलो. पटर नको बदलू, पटरला बायकोसारखं सांभाळावं लागतं. भोकाजवळच्या छोट्या फटक्यात असं होतं, मोठ्या मोठ्या खेळाडूंचं होतं, केबलवर नाही पाहिलं? विचार करून राहिला तू गानू, विचार करायचाच नाही. ढुंढिराज हसत होता. कुल्हड त्याने डाव्या हातात धरला होता, आणि ते आपल्या लक्षात आलं आहे हे त्याला कळत होतं.

स्कूटरवरून घरी येताना धुकं विरत होतं आणि उन्हाचा वास येऊ लागला होता. उजव्या हाताच्या मुठीत स्कूटर गुरगुरत होती, त्यामुळे हात थरथरतो की गाडी ते कळत नव्हतं, आणि हे न कळणं बरं वाटत होतं. लहानपणी अशाच उन्हात काशीतल्या पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढून मंगला गौरीच्या गल्लीत शिरायचं, ओल्या धोतराचा थंड काठ पोटऱ्यांना लागायचा, आणि पुढे बाबांची पाठ. विष्णुभट गानू, घनपाठी वैदिक. त्यांची पाठ पाहत तो लहानाचा मोठा झाला. बाबा रुद्राभिषेकाला बसले की संततधारेचं तांब्याचं पात्र नाकारत. मी असताना पात्र कशाला, म्हणत, आणि पळीने धार धरत. ती धार दोऱ्यासारखी बारीक पडायची. मंत्र चढत, उतरत, उलटे फिरून परत येत, आणि धार तेवढीच. पाहता पाहता ती पडते आहे की उभी आहे हे कळेनासं व्हायचं. लहानपणी ढुंढिराजला वाटायचं, बाबांनी हात काढला तरी ती तशीच हवेत राहील.

आणि एकदा ती तुटली. ढुंढिराज तेव्हा इंजिनिअरिंगला होता. सुटीचा दिवस, सामान उचलायला बाबांबरोबर गेला होता, भोसले घाटावर एका नागपूरच्या यजमानाकडे. पळी बाबांच्या हातात उडाली. थोडं दूध पिंडीच्या बाहेर, यजमानाच्या सोवळ्यावर. यजमानाला काही कळलंसुद्धा नाही, तो डोळे मिटून बसला होता. बाबांनी मंत्र पुरा केला, दक्षिणा घेतली नाही, आणि घरी आल्यावर उपरण्याखाली हात ठेवून खिडकीत बसले. पुन्हा कुठल्याही यजमानाकडे गेले नाहीत. अहिल्याबाई घाटावरून, दुर्गाघाटावरून बोलावणी येत राहिली. ‘आता होत नाही’ एवढंच उत्तर. कुणी म्हणालं, शास्त्रीबुवांना अहंकार झाला. कुणी म्हणालं, विरक्ती आली. कितीतरी वर्षं ते तसेच बसले, खिडकीतून गंगेची बोटभर पट्टी दिसायची तिच्याकडे पाहत, आणि उपरण्याखाली काहीतरी जिवंत असल्यासारखं हलत राही, जणू एखादं पाखरू तिथे लपवून ठेवलं आहे. त्या पाखराविषयी घरात कुणी कधी बोललं नाही. ढुंढिराजने नोकरी धरली, चामड्याचे बूट घातले, ते उंबऱ्याबाहेर काढून आत जायचा, बाबांच्या समोर बसायचा, इंजिनांच्या गोष्टी सांगायचा, आणि नजर उपरण्यावर जाऊ नये म्हणून सबंध वेळ त्यांच्या कपाळाकडे पाहायचा.

माघ आला. रविवारमागून रविवार हात दचकत राहिला. लांबचे फटके पूर्वीसारखे होते. पूर्ण अंग फिरवून मारलेला चेंडू निंबाच्या शेंड्यांवरून जाई तेव्हा तो सगळं विसरे, पाय खिळ्यांनी जमिनीत घट्ट रुतलेले, आणि चेंडू इतका वर की त्याला खाली यायची आठवणच राहिली नसावी. पण मग चालत चालत ग्रीनपाशी यावंच लागे. तिथे गवत बारीक कापलेलं, सगळं शांत, सगळे गप्प. भोक लहान काळ्या डोळ्यासारखं. त्याने डावा हात खाली घेतला. श्वास रोखला. एकदा डोळेही मिटले, आणि मिटल्या पापण्यांच्या आत तांबड्या उजेडात ती बारीक धार त्याला दिसली, आणि त्याने घाबरून डोळे उघडले. घरी बैठकीतल्या गालिच्यावर तो स्टीलचा पेला आडवा ठेवून सराव करी. घरात हात पुष्कळदा बरा असे. म्हणजे हे खेळाचंच आहे, तो स्वतःला सांगे, चारचौघांत होतं, मनाचं आहे. मनाचं असणं ही त्याला फार मोठी सोय वाटू लागली होती.

‘बाबा, तुम्ही किती सीरियस होऊन जाता,’ ऋता पुस्तकावरून मान वर न करता म्हणे. ‘खेल ही तो है.’

फाल्गुनातल्या एका रविवारी त्याचा चेंडू भोकाशी थांबला, आणि तो वाकायच्या आतच चौबेजी म्हणाले, ‘दिया, दिया. उठा लीजिए.’ एवढं छोटं अंतर सोडून द्यायची मैदानावर रीतच आहे. मित्र मित्राला देतो, तो फटका झाला असं धरतात. ढुंढिराजने चेंडू उचलला. पुढच्या भोकावर अंतर जरा जास्त होतं. ‘दिला, गानू,’ बोडस म्हणाले. त्याच्या पुढच्या भोकावर आणखी जास्त. दोघं एकमेकांकडे पाहत नव्हते, आणि त्यावरून त्याला कळलं की हे आधी ठरलेलं आहे. कुठेतरी, कदाचित निंबाखालच्या त्या बाकावरच, त्याच्यामागे त्याच्याबद्दल हळू आवाजात बोलणं झालं होतं. चहाला न थांबता तो घरी आला. फळ्यावर चौदाच होता. मित्रांनी तो सांभाळला होता.

दुपारी जेवणं झाल्यावर ऋता मैत्रिणीकडे गेली. शरदिनी बैठकीत पंख्याखाली वाटाणे सोलत बसली होती. ती कॉलनीतल्या शाळेत गणित शिकवायची. कमी बोलायची आणि बोलली की उत्तर काढल्यासारखी बोलायची. ढुंढिराजने पेला आडवा ठेवला, चेंडू ठेवला, वाकला. हात दचकला. चेंडू सोफ्याखाली गेला.

‘सगळे म्हणतात पकड बदला,’ तो हसून म्हणाला. ‘नवा पटर घ्यावा म्हणतो.’

‘पटरचं नाहीये ते,’ शरदिनी म्हणाली. तिचे हात चालूच होते. ‘दसऱ्यापासून बघतेय मी. आपट्याची पानं देताना तुमचा हात हलत होता. मग शर्टाचं वरचं बटण. तुम्ही हल्ली वरचं बटण लावतच नाही. दाढी डाव्या हाताने करता. पेपर वाचताना उजवा हात मांडीखाली घालून बसता, ते तुम्हाला तरी माहीत आहे का?’

त्याला माहीत नव्हतं. पंख्याची सावली गालिच्यावरून फिरत होती, सोफ्याखाली चेंडू चकाकत होता. ज्या गोष्टीला तो आठवड्यातून एकदा, मैदानावर, भेटत होता, ती रोज घरात त्याच्या शेजारी जेवायला बसत होती. ‘मग बोलली का नाहीस?’ त्याने विचारलं.

‘तुम्ही इतक्या निगुतीनं लपवत होता,’ ती म्हणाली, आणि सोललेल्या वाटाण्यांत तिची बोटं पहिल्यांदा थांबली. ‘मला वाटलं, तुम्हाला कळलंय. मला सांगायचं नाहीये.’

विद्यापीठाच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी त्याला चालायला लावलं, अंगठा आणि तर्जनी भराभर जुळवायला लावली, कागदावर वेटोळं काढायला लावलं. सबंध आयुष्य रेघा ओढण्यात घालवलेल्या माणसाचं ते वेटोळं आखडत, बारीक होत गेलं. डॉक्टर तरुण होते, बोलायला मऊ. ‘शुरुआत है,’ म्हणाले. गोळ्या आहेत, बरीच वर्षं चांगली जातील, बरं मात्र व्हायचं नाही. घरात कुणाला होतं का? ढुंढिराज म्हणाला, ‘पता नहीं.’ मग थोड्या वेळाने म्हणाला, ‘पिताजी को था.’ हे वाक्य त्याने कधीच उच्चारलं नव्हतं, कुठल्याच भाषेत. ते परक्या भाषेत, परक्या माणसासमोर आलं. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं आणि विचारलं, काही खेळता का? खेळत राहा. रोज चाला.

पण तो मैदानावर गेला नाही. एक रविवार गेला, दुसरा गेला. बोडसांनी निरोप पाठवला, ढुंढिराजने सांगितलं, पाठ धरली आहे. उन्हं कडक होऊ लागली होती, शिरीष फुलला होता. तो बैठकीच्या खिडकीशी खुर्ची घेऊन बसे. तिथून मैदानाचा कोपरा दिसायचा, पहाटे तिथून माणसं जात, पाठीवर पिशव्या, लहान लहान होत निंबांत नाहीशी होत. गोळ्यांनी झोपेसारखं काहीतरी यायचं. त्या गुंगीत गवताची पट्टी कधी पाण्याची व्हायची, मैदानातून नावा जायच्या, आणि त्याला वाटायचं, आपण फार दिवस इथेच बसलो आहोत, ही खुर्ची कुणीतरी आपल्यासाठी गरम ठेवली होती. मार्च सरला तरी त्याने मांडीवर शाल घेतली होती.

शरदिनी एका संध्याकाळी शाळेतून आली. पर्स न ठेवताच त्याच्यासमोर उभी राहिली. तिने शालीकडे पाहिलं. कपाळाकडे नाही, सरळ शालीकडे.

‘सासूबाई एकदा मला म्हणाल्या होत्या,’ ती म्हणाली. ‘ऋता पोटात होती तेव्हा. मंगला गौरीच्या पायऱ्यांवर बसलो होतो. म्हणाल्या, ह्यांचा हात हलायचा त्याचं मला काही वाटलं नाही गं. माणसाचं काहीतरी हलणारच. पण ह्यांनी तो माझ्यापासनं झाकला. इतकी वर्षं मी त्या हाताला हात लावला नाही. लावू दिला नाही मला.’

आई अशी बोलली असेल हे ढुंढिराजला कल्पनेतही आणता येईना. आई म्हणजे चूल, कळशी, बाबांच्या ताटाभोवतीचं पाणी. ती एवढं पाहत होती. बाबांनी धार वाचवली होती, तुटलेली धार कुणाला दिसू नये म्हणून सगळ्या घाटांकडे पाठ फिरवली होती, आणि घरातच एक माणूस तहानलेलं बसलं होतं. त्याला एकदम बाबांची भयंकर दया आली, आणि रागही, आणि तो राग इतका जुना होता की कुठे ठेवावा कळेना. शरदिनीने शाल उचलली, घडी घातली. मग खुर्चीच्या हातावर बसून तिने त्याचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला. हात हलत होता. तो ओढून घ्यावा असं त्याला वाटलं, ओढला नाही. तिच्या सुती साडीवर खडूची पूड होती. बाहेर उजेड पिवळा झाला.

‘चला,’ ती म्हणाली. ‘मला दाखवा तरी काय खेळता ते. इतकी वर्षं झाली, मी एकदासुद्धा आले नाही.’

मैदानावर संध्याकाळी फारसं कुणी नसे. बोडस एकटेच शेवटच्या ग्रीनवर चेंडू घोळवत होते. बायकोला बरोबर घेऊन आलेल्या ढुंढिराजला पाहून ते गडबडले, टोपी काढून ‘या वहिनी, या’ म्हणाले. ढुंढिराज त्यांच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला.

‘बोडस, मला कंपवात आहे,’ तो म्हणाला. ‘डॉक्टरांनी सांगितलंय. वडिलांनाही होता. हे खेळाचं नाही.’

बोडसांनी टोपी पुन्हा घातली, पुन्हा काढली. ‘आम्हाला वाटलं तसं,’ ते हळूच म्हणाले. ‘चौबेजींच्या काकांना... म्हणून आम्ही आपलं...’

‘माहीत आहे. पण आता देऊ नका. जेवढे लागतील तेवढे मारीन. आकडा वाढेल तो वाढू दे.’

‘माझ्या पुढे जाशील बे,’ बोडस म्हणाले, आणि त्यांचा आवाज असा काही फाटला की त्यांनी खाकरून तो झाकला. त्यांनी आपला चेंडू ढुंढिराजसमोर ठेवला. भोकापासून हातभर.

ढुंढिराज वाकला. निंबाची फुलं गळत होती, सगळ्या ग्रीनवर बारीक पांढरी पखरण होती, आणि कडवट गोड वास. हात हलू लागला. त्याने तो थांबवायचा प्रयत्न केला नाही. नुसता पाहिला, जसा आता शरदिनीही पाहत होती, बोडसही. पटर पुढे गेला. चेंडू वाकडा निघाला आणि भोकाला वळसा घालून चांगला दोन हात पलीकडे जाऊन फुलांत थांबला.

ग्रीनवर कुणी चपला घालून येत नाही, बोडस ते सांगणारच होते. पण शरदिनी तोवर सरळ चालत चेंडूपाशी गेली होती. ती खाली वाकली, चेंडूकडे पाहिलं, मग भोकाकडे, मग नवऱ्याकडे.

‘आता काय करायचं असतं?’ तिने विचारलं.

‘परत मारायचा,’ ढुंढिराज म्हणाला.

‘किती वेळा?’

‘पडेपर्यंत.’

‘बरं,’ शरदिनी म्हणाली. तिने पर्स बाजूला ठेवली, निऱ्या सावरून गवतावर मांडी घातली आणि पाहत बसली.